मागच्या खोलीत वायफाय का पोचत नाही?

अंबाजोगाईच्या जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या भिंती चांगल्या हात-दीड हात जाड असतात. अशा घरात राउटर दर्शनी खोलीत बसवला, की मागच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलाला रेंज मिळत नाही. दोष बहुधा राउटरचा नसतो, त्याच्या जागेचा असतो.

राउटरमधून निघतात त्या आकाशवाणीसारख्याच रेडिओलहरी. फक्त त्यांची तरंगलांबी फार लहान. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर, त्याला २.४ अब्ज या वारंवारतेने भागा. उत्तर येते साडेबारा सेंटिमीटर. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी याहून आखूड, ६ सेंटिमीटरच्या. त्या पट्ट्यात वेग जास्त मिळतो, पण भिंतीतून जाताना त्या अधिक क्षीण होतात. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषते. उन्हाळ्यात आपल्याकडे खिडकीत बसणारा कूलर म्हणजे दोन्ही अडथळे एकत्र!

मात्र अंदाजाने राउटर हलवू नका, मोजा. लहरींची शक्ती दाखवणारे अ‍ॅप फोनवर मिळते. आकडा ऋण असतो, एकक डीबीएम. राउटरजवळ −४० आणि मागच्या खोलीत −७० आले, तर शक्ती किती घटली? दर १० ला ती दशांश होते. म्हणजे ३० च्या फरकात हजारावा भाग उरला. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की शक्ती चौथाई होते, आकडा ६ ने उतरतो. घरात अंतर दुप्पट करताना मध्ये भिंत आली आणि आकडा १८ ने उतरला, तर वरचे १२ साधारणपणे भिंतीच्या खाती मांडा.

भिंतींवरून परतणाऱ्या लहरी पूर्वी नुसती कटकट मानल्या जात. लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आरोग्यस्वामी पॉलराज आणि पुण्यात जन्मलेले, तेथेच अभियंता झालेले थॉमस कैलथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात उलटा विचार केला. वाटा अनेक आहेत, तर प्रत्येक वाटेने वेगळी माहिती का धाडू नये? १९९४ साली त्यांना अमेरिकन पेटंट मिळाले. आजच्या राउटरला दोन-चार शिंगे दिसतात, ती याच युक्तीसाठी.

शेजारचे राउटरही त्याच पट्ट्यात बोलत असतात. २.४ च्या पट्ट्यातल्या लगतच्या वाहिन्यांत अंतर ५ मेगाहर्ट्झ, आणि एका राउटरला जागा लागते सुमारे २०. म्हणून १, ६ आणि ११ यांपैकीच, जिथे गर्दी कमी ती वाहिनी निवडावी.

आता पहाऱ्याचे काम. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर एक पत्ता असतो, पुष्कळदा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये लिहिला की सेटिंगचे पान उघडते व जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. घरातल्या फोनांशी ती ताडून पाहा. एखाद्याचा हिशेब लागेना, तर पासवर्ड बदला. पासवर्ड दोन असतात, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. वायफायचा बदलतात, सेटिंगचा मात्र कारखान्यातून आला तसाच ठेवतात. आणि तो ज्याला ठाऊक, त्याला पहिलाही वाचता येतो. यादी रात्री नऊच्या सुमारास पाहावी. तेव्हा सगळे फोन घरी आलेले असतात, मोजणी सोपी जाते.