डोक्याला मिळणारे अडीच सेंटीमीटर

दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. गाडी सिग्नलला उभी असताना तोल जाऊन तो आडवा झाला आणि डोके सरळ डांबरावर आपटले, तरी आपटताना त्याचा वेग ताशी 20 किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग गाडीचा नसतो, पडण्याचाच असतो. त्यामुळे ‘गावातल्या गावात तर जायचंय’ हे हेल्मेट घरी ठेवण्याचे नेहमीचे कारण मुळातच टिकत नाही. भरधाव गाडीवरून पडण्यात इतर धोके कितीतरी वाढतात, पण हा पहिला धोका भाजी आणायला निघालेल्यालाही सुटत नाही.

इजा किती होणार, हे तो वेग किती अंतरात शून्यावर येतो यावर ठरते. उघडे डोके आपटले आणि कातडी व हाड मिळून पाच मिलिमीटर दबले असे धरले, तर डोक्याला बसणारा सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 300 पट येतो. थांबायला अडीच सेंटीमीटर मिळाले, तर तोच धक्का 60 पटींवर उतरतो. हेल्मेट घेणारा खरे तर हे अडीच सेंटीमीटर विकत घेत असतो.

ते अंतर मिळते आतल्या जाड थरातून. सगळे त्याला थर्मोकोल म्हणतात आणि ते बरोबरच आहे. फुगवलेल्या पॉलिस्टायरीनच्या मण्यांचाच तो थर असतो. मार बसला की त्यातल्या हवेच्या बारीक पेशी चिरडल्या जातात आणि आघाताची ऊर्जा त्यात खर्च होते. बाहेरचे कवच एबीएस प्लास्टिकचे, पॉलिकार्बोनेटचे किंवा फायबरग्लासचे असते. ते मार मोठ्या भागावर पसरवते, टोकदार दगड आत घुसू देत नाही आणि डोके रस्त्याला अडकण्याऐवजी घसरू देते. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणाऱ्या पातळ टोपीत हा थरच नसतो. पावतीपुरती ती डोक्यावर राहते, पडल्यावर कामाला येत नाही.

कवटी थांबली तरी आतला मेंदू लगेच थांबत नाही. तो द्रवात तरंगत असतो. पुढे जाऊन कवटीवर आदळतो आणि उलटून पलीकडच्या बाजूलाही. डोके तिरके आपटून गरकन फिरले, तर मेंदूतले तंतू ताणले जाऊन तुटतात. अशा वेळी वर खरचटलेलेही नसते, पण माणूस शुद्धीवर येत नाही. कवटीच्या आतली रक्तवाहिनी फुटली तर वेगळेच फसवे चित्र दिसते. माणूस उठून बसतो, पाणी पितो, ‘काही झालं नाही’ म्हणतो आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो. डोक्याला मार लागलेल्याला एकट्याने घरी जाऊ देऊ नये, ते यासाठीच.

मोटरसायकलस्वाराच्या डोक्याचा शास्त्रशुद्ध विचार सुरू झाला एका मृत्यूनंतर. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स 13 मे 1935 रोजी इंग्लंडमधील डॉर्सेटमध्ये आपल्या ब्रफ सुपिरिअर मोटरसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी वारले. डोक्यावर काही नव्हते. त्यांना पाहायला बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. केर्न्स यांनी नंतर सैन्यातील निरोप्या मोटरसायकलस्वारांचे अपघात अभ्यासले आणि 1941 मध्ये हेल्मेटचे महत्त्व सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. नागरिकांसाठी मात्र ब्रिटनमध्ये सक्ती यायला 1973 उजाडले. इतकी वर्षे पुरावा हातात असून गेली, याची खंत वाटावी अशीच ही गोष्ट आहे.

आज त्या पुराव्यात शंकेला जागा उरलेली नाही. अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून 2008 मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे अपघातग्रस्त स्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची 69 टक्क्यांनी घटते. भारतात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली. हेल्मेट न घातलेले मृत 50,029 होते आणि त्यातले 14,337 मागे बसलेले होते. मागच्या सीटवरच्या माणसाला हेल्मेट लागत नाही, ही समजूत किती महाग पडते ते या आकड्यात दिसते.

महाराष्ट्रात हेल्मेटसक्तीला सर्वांत संघटित विरोध पुण्यात झाला. जानेवारी 2019 मध्ये कारवाई कडक झाली तेव्हा तिथे मोर्चे निघाले. मानेला त्रास होतो, मागचे ऐकू येत नाही, उकडते, गाडी लावल्यावर ते ठेवायचे कुठे, असे आक्षेप तेव्हाही होते आणि आजही आहेत. शेवटच्या दोन अडचणी खऱ्या आहेत. हवा खेळणारे हेल्मेट आणि गाडीला कुलूपबंद कडी हाच त्यावर उपाय. मानेची भीती मात्र निराधार आहे. अमेरिकेतील हजारो अपघातग्रस्तांच्या नोंदींवरून 2011 मध्ये दिसले, की हेल्मेट घालणाऱ्यांत मानेच्या मणक्याची इजा 22 टक्क्यांनी कमी होती.

मोटर वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तींना सूट आहे. मोडल्यास 1,000 रुपये दंड होतो आणि परवानाही तीन महिन्यांसाठी जाऊ शकतो. दुचाकीसाठीचे हेल्मेट आयएसआय चिन्हाचेच विकले पाहिजे, हा नियम जून 2021 पासून लागू आहे. चिन्हाबरोबर आयएस 4151 हा क्रमांक आहे का, ते पाहून घ्यावे.

मापाकडे दुकानात फारसे कुणी लक्ष देत नाही आणि सगळे तिथेच बिघडते. भुवयांच्या किंचित वरून डोक्याचा घेर टेपने मोजावा. हेल्मेट घातल्यावर ते हाताने डावी-उजवीकडे फिरवले, तर गालांची कातडी त्याबरोबर ओढली गेली पाहिजे. मग पट्टा लावून मागची कडा वर उचलावी. हेल्मेट पुढे येऊन निघू लागले तर ते मोठे आहे. हनुवटीखालचा पट्टा लावलाच नाही, तर पहिल्या धक्क्यालाच हेल्मेट उडून जाते आणि दुसरा मार उघड्या डोक्यावर बसतो. नुसते डोक्यावर ठेवलेले किंवा कोपरात अडकवलेले हेल्मेट पोलिसाला दिसते, एवढाच त्याचा उपयोग. हनुवटीसकट चेहरा झाकणारे हेल्मेट अर्ध्या हेल्मेटपेक्षा केव्हाही चांगले, कारण माणूस तोंडावरही पडतो.

एकदा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. कवच वरून धड दिसले तरी चिरडलेला थर परत फुगत नाही, आणि त्या जागी पुढचा धक्का सरळ डोक्यापर्यंत जातो. रस्त्यात पडलेल्या स्वाराचे हेल्मेट घाईने ओढून काढू नये. तो श्वास घेत असेल तर काच वर करावी, डोके व मान हलू न देता 108 वर फोन करावा. श्वास अडत असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र थांबता येत नाही: एकाने खालून मान व जबडा स्थिर धरायचा आणि दुसऱ्याने पट्टा सोडून, दोन्ही कडा बाहेर ताणत हेल्मेट सावकाश काढायचे.