फ्रीगंजमध्ये गंजमुक्ती

मंगळ मूळचा उज्जैनचा. मंगळनाथाचं देऊळ हेच त्याचं जन्मस्थान, असं परंपरा सांगते. आता विज्ञानाचं ऐका: हा ग्रह तांबडा दिसतो तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळे, म्हणजे चक्क गंजामुळे! ज्या गावचा मुलगा आभाळात गंजून जगप्रसिद्ध झाला, त्या गावात पावसाळ्यात आपली विळी तांबडी पडली, तर फार मनाला लावून घेऊ नये.

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या जुन्या मराठी घरांचे माळे उघडा. अडकित्ता, पाने-पक्कड, किल्ली हरवलेलं कुलूप, शिवणयंत्राचे सुटे भाग, आजोबांच्या सायकलची चेन... सगळं एकाच रंगाचं. बहुतेक मंडळी पॉलिशपेपर घेऊन घासत बसतात. घासून गंजाबरोबर चांगलं लोखंडही जातं, आणि बोल्टच्या आट्यांत तर कागद पोचतच नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नट जाम होतो तो त्यामुळेच. तेव्हा घासू नका, भिजत घाला.

कशात? उत्तर स्वयंपाकघरात आहे. व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल, चिंचेत टार्टारिक, लिंबात सायट्रिक. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं, म्हणून त्यात खिळे चकचकीत होतात. पण साखरेच्या पाण्याचे एवढे पैसे कशाला मोजायचे? किराणावाल्याकडे लिंबूसत्त्व किंवा ‘टाटरी’ मागा. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे टाकून वस्तू रात्रभर पूर्ण बुडवून ठेवा. अर्धी बाहेर राहिली, तर पाण्याच्या रेषेवर खाच पडते. सकाळी ब्रशने घासलं की काळपट गाळ सुटतो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात एक बुडी, लगेच कोरडं करणं आणि तेलाचा हात. यातलं ‘लगेच’ महत्त्वाचं. आम्लातून निघालेलं उघडं लोखंड ओलं राहिलं, तर चहा होईपर्यंत पुन्हा तांबूस दिसू लागतं.

कोकणात आणि गोव्यात परसातलं बिंबल याच कामाला येईल. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल इतकं जबर, की आग्नेय आशियात त्याचा रस कट्यारीची पाती साफ करायला आणि कपड्यांवरचे गंजाचे डाग काढायला वापरत आले आहेत.

धीर असेल तर मळी घ्या. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि एक ते तीन आठवडे विसरून जा. मळीतली द्रव्यं गंजातलं लोह अलगद पकडून पाण्यात ओढतात, शाबूत धातूला फारसा धक्का लावत नाहीत. वास मात्र असा सुटतो, की डबा गच्चीवरच बरा. गंमत अशी, की कच्छचे अजरखवाले नेमकं हेच करतात, फक्त उलट्या हेतूने. भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवायचं, चिंचोक्याची पूड घालून ते पाणी दाट करायचं, की कापडावर छापायचा काळा रंग तयार. आपण जे मोरीत ओततो, ते त्यांच्याकडे मालाची किंमत वाढवतं.

हिरड्याची तऱ्हा निराळी. त्यातलं टॅनिन गंज काढत नाही, त्यालाच काळ्या थरात बदलून टाकतं. हिराकस आणि हिरडा यांची जुनी शाई याच रसायनावर चालायची, आणि बाजारातली काही ‘रस्ट कन्व्हर्टर’ द्रावणंही याच टॅनिनवर चालतात.

भिजवण्याचा विक्रम मात्र वस्तुसंग्रहालयांचा. 1864 मध्ये बुडालेली ‘हनली’ ही अमेरिकी पाणबुडी 2000 साली वर काढली. लोखंडात मुरलेलं समुद्राचं मीठ निघाल्याशिवाय गंज थांबत नाही, म्हणून 2014 पासून तिला अल्कलीच्या पाण्यात वर्षानुवर्षं ठेवावं लागलं.

काही लोखंडाला या लाडांची गरजच नसते. उज्जैनहून शंभरेक किलोमीटरवर धारच्या लाट मशिदीपाशी लोहस्तंभाचे तीन तुकडे उघड्यावर पडलेत. जोडले तर सुमारे 13 मीटर. शतकानुशतकं पाऊस खाऊनही ते टिकून आहेत. दिल्लीचा सात मीटरचा स्तंभ तर सोळाशे वर्षांचा. त्यावरचा ‘चंद्र’ राजा म्हणजे दुसरा चंद्रगुप्त विक्रमादित्य, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा उज्जैनकरांनी थोडा हक्क सांगायला हरकत नाही. या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे. त्याच्यामुळे पृष्ठभागावर पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी हे उलगडून दाखवलं.

आणि गंजाचा सख्खा भाऊ गेरू! माळव्यातल्या अंगणांत मांडणे काढायचे ते गेरू नि खडूनेच. भीमबेटकाच्या गुहांतली तांबडी चित्रंही लोहयुक्त रंगाची, आणि ती 1957 मध्ये जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर आपल्या उज्जैनचेच. गंज एवढा टिकाऊ रंग आहे, की हजारो वर्षं पुसला गेला नाही. अडकित्त्यावरून जात नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता सावधगिरीचं. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा असलेली वस्तू आम्लात घालू नका, धातूच खाल्ला जाईल. आम्लात ब्लीच कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन निघतो. लोखंडावर आम्ल काम करताना हायड्रोजनचे बुडबुडे येतात, म्हणून डब्याचं झाकण घट्ट लावू नका आणि जवळ उदबत्तीही नको. हाच हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. त्यामुळे स्प्रिंगा, सायकलची चेन आणि ब्रेकचे भाग भिजवायच्या भानगडीत पडू नका. ते सरळ नवे आणा.