बेकारीतील भत्ता आणि कामाचा पहिला दिवस

नोकरी सुटलेल्या मनुष्याला सल्ल्यांची टंचाई कधीच भासत नाही. एक म्हणतो, ‘ईएसआयच्या कचेरीत अर्ज टाक, तीन महिने काही ना काही हाती येईल.’ दुसरा म्हणतो, ‘त्या भानगडीत पडू नकोस. मध्येच काम मिळाले तर घेतलेले पैसे परत करावे लागतील.’ तिसऱ्याच्या मेहुण्याने कधी काळी अर्ज केलेला असतो आणि तो अजून वाट पाहत असतो. बिचारा ऐकणारा या तिघांच्या मध्ये उभा राहून शेवटी काहीच करीत नाही. आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, त्यात खरी हानी बहुधा या काहीच न करण्यामुळे होते.

ही भीती दोन प्रकारची असते. काम पुन्हा मिळाले तर भत्त्यावरचा हक्क जाईल काय, ही एक. आणि पैसे येण्यास विलंब झाला, म्हणजे हक्कच बुडाला काय, ही दुसरी. या दोन्हींचे उत्तर नियमांत आहे आणि ते बऱ्याच अंशी धीर देणारे आहे. परंतु त्यासाठी हा भत्ता आला कोठून, हे थोडक्यात सांगितले पाहिजे.

आपल्या देशात कामगारांच्या विम्याची रूपरेषा प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सादर केलेल्या अहवालात आखली गेली. त्यावरून आजारपण, प्रसूती आणि कामावरील दुखापत या तीन आपत्तींचा विचार करणारा १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्ष सुरू झाली. बेकारी ही चौथी आपत्ती मात्र तेव्हा बाहेरच राहिली, आणि ती पुढे पन्नासहून अधिक वर्षे बाहेर राहिली. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. कारखाना बंद पडला, कामगारकपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आले, तर तिच्यात भत्ता मिळू लागला. पुढे तिची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढली. तिचा दरवाजा अरुंद होता. म्हणून १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. आपण बोलणार आहोत ते मुख्यतः हिच्याविषयी. १९४८ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. महामंडळ मात्र तेच आहे.

आरंभी या योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळे. तीही नव्वद दिवस बेकार राहिल्यानंतर, आणि अर्ज जुन्या मालकाच्या हातून पुढे जावा लागे. ज्याने आपल्याला काढले त्याच्याच दारी सहीसाठी उभे राहावयाचे, ही अट कोणी आणि कोणत्या मनःस्थितीत घातली असेल, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. २०२० च्या टाळेबंदीने ही विसंगती सर्वांच्या नजरेस आणली. मालकच गावी निघून गेलेला, कारखान्याला कुलूप, तेथे सही कोण करणार? त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये महामंडळाने नियम बदलले. दर ५० टक्के झाला, नव्वदांऐवजी तीस दिवसांची प्रतीक्षा आली आणि विमेदाराने स्वतःच महामंडळाकडे अर्ज करावा, असे ठरले. पुढच्या मुदतवाढींतही हाच दर चालू राहिला. ही योजना मुदतीची आहे व मुदत वेळोवेळी वाढवली जाते. म्हणून शाखा कार्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न विचारावयाचा तो चालू मुदतीचा.

आता पात्रता पाहू. बेकार होण्यापूर्वी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी असली पाहिजे. महामंडळाचे वर्षाचे दोन वर्गणीकाल असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर, आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. बेकारीच्या लगतच्या आधीच्या वर्गणीकालात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि दोन वर्षांतील उरलेल्या तीन कालांपैकी कोणत्याही एकात तितकीच. ही वर्गणी म्हणजे वेतनपत्रकावर ‘ईएसआय’ म्हणून कापली जाणारी रक्कम. जुलै २०१९ पासून ती कामगाराच्या वेतनाच्या पाऊण टक्का आहे आणि मालकाची सव्वातीन टक्के. यावरून एक गोष्ट ध्यानी यावी, की हा भत्ता कोणाच्या दयेचा नाही. त्यातील काही पैसा महिन्यामागून महिना आपल्याच पगारातून गेलेला आहे.

रक्कम किती, याचा हिशेब लोक चुकीचा करतात, म्हणून तो जरा सावकाश मांडतो. समजा, एक फिटर आहे. त्याचे वेतन दरमहा १४,६०० रुपये. मागील चार वर्गणीकालांत, म्हणजे चोवीस महिन्यांत, त्याची एकूण कमाई ३,५०,४०० रुपये झाली. तिला ७३० ने भागावयाचे. रोजची सरासरी आली ४८० रुपये. तिची निम्मी २४० रुपये, हा रोजचा भत्ता. तो जास्तीत जास्त ९० दिवस मिळतो, म्हणजे २१,६०० रुपये, आणि तोही आयुष्यात एकदाच. भागाकार ७३० ने होतो, हे विसरू नये. त्यात रविवार आले, सण आले आणि ज्या दिवशी काम नव्हते तेही दिवस आले. याच फिटरला त्या दोन वर्षांत सहा महिने वेतनच मिळाले नसते, तर कमाई २,६२,८०० रुपये भरली असती, सरासरी ३६० रुपयांवर आली असती आणि भत्ता १८० रुपयांवर. ‘अर्धा पगार मिळतो’ असे ऐकून गेलेला मनुष्य कमी रक्कम पाहून कारकुनाशी भांडतो, त्याचे मूळ बहुधा या भागाकारात असते.

नोकरी कशी सुटली, यावर पुष्कळ अवलंबून आहे. स्वेच्छानिवृत्ती, वयपरत्वे निवृत्ती, शिस्तभंगाची बडतर्फी, बेकायदा ठरलेला संप, स्वतःहून काम सोडणे, यांत भत्ता मिळत नाही. यातले शेवटचे कलम फार सांभाळावयाचे. लहान कारखान्यांतून मनुष्याला काढताना ‘राजीनाम्यावर सही कर, म्हणजे हिशेब लगेच मिळेल’ असे गोडीगुलाबीने सांगितले जाते. घरी चूल पेटवावयाची असते, सही होऊन जाते, आणि कपातीत गेलेला कामगार कागदोपत्री स्वखुशीने गेलेला ठरतो. शिवाय मालक दरमहा महामंडळाकडे जी माहिती भरतो, तीत काम नसलेल्या विमेदारापुढे कारण नोंदवावे लागते: रजा, नोकरी सोडली, कपात, काम नाही, असे निरनिराळे पर्याय तेथे असतात. आपल्या नावापुढे कोणता पर्याय पडला, हे शाखा कार्यालयात विचारून घ्यावे. चुकीचा असल्यास दुरुस्तीची लेखी मागणी लगेच करावी. सहा महिन्यांनी त्या लेखनिकाला तुम्ही आठवालच, असे नाही.

अर्जाच्या बाबतीत दोन सीमा आहेत. पुढे येणाऱ्या काळासाठी आगाऊ मागणी करता येत नाही. जे दिवस बेकारीत गेले, त्यांचीच मागणी करावयाची. आणि बेकार झाल्यापासून एका वर्षाच्या आत ती झाली पाहिजे. या दोन सीमांच्या मधल्या जागेत आपल्या पहिल्या भीतीचे उत्तर आहे.

आपल्या फिटरला १० जूनपासून काम नाही आणि १ ऑगस्टला त्याला दुसरीकडे काम मिळाले, असे समजू. तो १० जून ते ३१ जुलै असे ५२ दिवस बेकार होता. भत्ता त्या ५२ दिवसांचा, म्हणजे १२,४८० रुपये. काम सुटल्यापासून काम पुन्हा मिळेपर्यंतचा काळ हाच हक्काचा काळ, असे नियम सांगतो. १ ऑगस्टला तो कामावर गेला म्हणून जून-जुलै पुसले जात नाहीत. अर्ज तोवर केला नसला, तरी वर्षाच्या आत करता येतो. मात्र १ ऑगस्टनंतरचा एकही दिवस मागणीत येता कामा नये. नवे काम कमी पगाराचे असेल, तात्पुरते असेल, तरी ते मिळाल्याची तारीख सांगितलीच पाहिजे. ‘नव्वद दिवस भरू द्या, मग कळवू’ हा शेजाऱ्याचा सल्ला फार महागात पडणारा आहे. नव्या मालकाने वर्गणी भरली, की तारीख महामंडळाच्या दप्तरी आपोआप येते, आणि खोटे विधान करून लाभ घेणे हा गुन्हा आहे. त्यात शिक्षा झालेल्याला या योजनेचे दार बंद होते. नव्या कामाचा पहिला दिवस कोणता, हे नेमणूकपत्र किंवा हजेरीची नोंद यांवरून सांगता यावे, एवढी काळजी घेतली म्हणजे पुरे. भत्त्यापायी आलेले काम टाळणे तर मुळीच शहाणपणाचे नाही. २४० रुपयांसाठी ४८० सोडण्यासारखे ते आहे.

आता विलंबाविषयी. अर्ज आल्यापासून १५ दिवसांत निकाल लावण्याचे उद्दिष्ट २०२० साली जाहीर झाले. उद्दिष्ट आणि अनुभव यांत अंतर पडते, ते का पडते हे पाहावे. सर्वांत सामान्य कारण नावाचे. आपल्या मराठी नावांची रीत इतर प्रांतांना चमत्कारिक वाटते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. कधी आडनाव आधी. स्त्रियांच्या बाबतीत लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली. आधारपत्रावर एक क्रम, बँकेच्या पुस्तकावर दुसरा, आणि विमा महामंडळाच्या दप्तरी कारखान्याच्या कारकुनाने घाईत भरलेला तिसरा. इंदूर, सुरत किंवा हैदराबाद येथे नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या नावाची अक्षरे तर तेथील उच्चाराप्रमाणेही बदलतात. पैसे थेट बँकेत जावयाचे असल्यामुळे ही तीन नावे एकमेकांशी जुळली नाहीत, तर प्रकरण थांबते. हे काम नोकरी चालू असतानाच करून ठेवण्याचे आहे. नोकरीत असताना ते पाच मिनिटांचे असते.

दुसरे कारण पडताळणीचे. कामगार आता स्वतः अर्ज करतो, तरी नोकरी सुटल्याची खातरजमा कार्यालय जुन्या मालकाकडे करते. मालक उत्तर देत नसेल, तर आपल्याजवळचा पुरावा पुढे ठेवावा: शेवटची वेतनपत्रके, कामावरून कमी केल्याचे पत्र, ते नसेल तर फोनवर आलेला निरोप जपून ठेवलेला. अर्ज केल्याचा क्रमांक व तारीख वहीत लिहून ठेवावी. तारखेची ही किंमत महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेल्या आपल्या रोजगार हमीत काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता देण्याची तरतूद होती. पण ते पंधरा दिवस मोजावयाचे कोठून? मागणीच्या तारखेपासून. ज्यांच्याजवळ तारखेची पावती नव्हती, त्यांचे पंधरा दिवस कधी सुरूच होत नसत.

विलंब लांबला, तर क्रमाने वर जावे. प्रथम शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज, आणि त्याच्या प्रतीवर पोच. मग महामंडळाच्या ‘सुविधा समागम’ नावाच्या तक्रारनिवारण बैठकीत गाऱ्हाणे. माहितीच्या अधिकाराखाली, २००५ च्या कायद्याप्रमाणे, आपले प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारता येते आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. हक्कच नाकारला गेला, तर कामगार विमा न्यायालय आहे. माझा स्वतःचा अनुभव असा, की दुसऱ्या पायरीच्या पुढे फार थोड्यांना जावे लागते; पण पहिल्या पायरीवर तोंडी बोलून परत येणारे पुष्कळ असतात. एक मात्र पक्के धरावे: वेळेत केलेल्या अर्जाला कार्यालयाकडून उशीर झाला, म्हणून मागणी मुदतबाह्य होत नाही. वर्षाची अट मागणी करण्याला आहे, पैसे येण्याला नाही.

मधल्या काळात दवाखान्याची सोय संपली, असे समजून पुष्कळ जण आजार अंगावर काढतात. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील वर्गणीचा लाभकाल पुढील जानेवारी ते जून असतो, आणि ऑक्टोबर ते मार्चचा पुढील जुलै ते डिसेंबर. नोकरी गेल्यावरही हा काळ शिल्लक असू शकतो. ओळखपत्र घेऊन जाऊन विचारावे.

आणि नव्या कामावर रुजू होताना जुना विमा क्रमांक आवर्जून द्यावा. तो जन्मभर एकच असतो. पुष्कळ ठिकाणी ‘नवीन काढू, सोपे पडते’ म्हणून दुसरा क्रमांक काढला जातो. मग जुनी वर्गणी एकीकडे राहते आणि नवी दुसरीकडे, आणि पुढे कधी दोन वर्षे मोजावयाची वेळ आली की दोन्हीकडे ती अपुरी भरतात.