वैतरणी

वैतरणी : हिंदू पुराणकथांतील यमलोकाच्या सीमेवरील नदी. मृत्यूनंतर यमपुरीस जाणाऱ्या जीवाला ती ओलांडावी लागते, अशी कल्पना आहे. वितरण म्हणजे दान. दानाच्या योगे जी तरून जाता येते ती वैतरणी, अशी या नावाची पारंपरिक व्युत्पत्ती आहे.

गरुडपुराणात ही नदी शंभर योजने रुंद, रक्त व पू यांनी भरलेली आणि हिंस्र जलचरांनी व्यापलेली वर्णिली आहे. पापी जीव तीत यातना भोगतो; गोदान केलेला जीव सुखरूप पार होतो. त्यामुळे मरणासन्न व्यक्तीच्या हस्ते गोदान करविण्याची प्रथा रूढ झाली. गाईचे शेपूट धरून जीव पैलतीर गाठतो, ही समजूत महाराष्ट्रातही आढळते. प्रत्यक्ष गाय देणे शक्य नसल्यास तिचे मूल्य देतात. भागवतपुराणाच्या पाचव्या स्कंधात मात्र भर आचरणावर आहे : धर्माच्या मर्यादा मोडणारे राजे व राजपुरुष या नदीत पडतात. बौद्धांच्या सुत्तनिपातात वस्तऱ्यासारख्या धारेची वेतरणी येते. जैनांच्या उत्तराध्ययनसूत्रात नरकातील या नदीचे वर्णन असून, अन्यत्र स्वतःच्या आत्म्यालाच वैतरणी म्हटले आहे.

प्राचीन ग्रीक पुराणकथांतही हेडीसच्या राज्यात स्टिक्स, ॲकेरॉन इ. नद्या आहेत. इलियडमध्ये मृत पट्रोक्लसची छाया अकिलीझकडे लवकर अंत्यसंस्कार करण्याची याचना करते. कारण त्यावाचून तिला नदीपार प्रवेश नाही. केरॉन हा नावाडी होमरनंतरच्या वाङ्‌मयात येतो. त्याला देण्यासाठी मृताच्या मुखात नाणे ठेवीत. ॲरिस्टोफेनीसच्या बेडूक या सुखात्मिकेत (इ. स. पू. ४०५) हे भाडे दोन ओबोल सांगितले आहे. ग्रीक कथांत नदी ओलांडणे प्रामुख्याने आप्तांनी केलेल्या अंत्यसंस्कारांवर अवलंबून असते. वैतरणीच्या कल्पनेत मृताचे स्वतःचे पापपुण्यही मोजले जाते. पण दानाने पार होता येते असे मानल्यामुळे नीती व विधी यांपैकी निर्णायक काय, हा प्रश्न उरतो.

आधुनिक महाराष्ट्रात या प्रश्नाला सामाजिक रूप आले. जोतीराव फुले यांनी ब्राह्मणांचे कसब (१८६९) या पुस्तकात, जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींतून शेतकऱ्यांकडून उकळल्या जाणाऱ्या दक्षिणेवर कठोर टीका केली. त्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून विधी करण्याचा पुरस्कार केला.

भूतलावरील काही नद्यांनाही हे नाव आहे. महाभारताच्या वनपर्वात कलिंगातील वैतरणीचा उल्लेख असून ओडिशात याच नावाची नदी जाजपूरवरून वाहते. महाराष्ट्रातील वैतरणा नदी त्र्यंबकेश्वर परिसरातील डोंगरांत उगम पावून पालघर जिल्ह्यात अरबी समुद्रास मिळते. तिच्यावरील मोडक सागर (१९५७) व मध्य वैतरणा (२०१४) या धरणांतून मुंबईला पाणी मिळते. पुराणात पाण्याऐवजी रक्ताने भरलेल्या नदीचे नाव धारण करणारी ही नदी प्रत्यक्षात एका महानगराची तहान भागवीत आहे.