‘मायसेल्फ’चे दुखणे

दीपनगरच्या वीज केंद्रात किंवा भुसावळला रेल्वेत नोकरीसाठी मुलाखतीस जाणारा आपल्याकडचा विद्यार्थी पुष्कळदा पहिल्याच वाक्याला ठेचाळतो. ‘मायसेल्फ अमुक-अमुक,’ असे तो सांगतो आणि समोरच्या मंडळींच्या भुवया वर जातात.

हे आले कोठून? माझ्या मते मराठीच्या एका सोयीतून. ‘स्वतः जाऊन आलो’ हे शुद्ध मराठी होय. ‘मी’ गाळला तरी ‘आलो’ हे क्रियापद कर्ता सांगते. इंग्रजीतले ‘वेंट’ बिचारे मुके! ‘आय’, ‘ही’, ‘दे’ सर्वांना तेच रूप. म्हणून तेथे ‘आय’ हवाच. ‘मायसेल्फ’ त्याला जोर देईल, त्याच्या खुर्चीवर बसणार नाही.

त्याचे हक्काचे स्थान कर्माचे. ‘ही हर्ट हिम’ म्हणजे दुसऱ्याला इजा केली. ‘ही हर्ट हिमसेल्फ’ म्हणजे स्वतःलाच करून घेतली. ‘मे आय इंट्रोड्यूस मायसेल्फ?’ हेही याच न्यायाने बरोबर.

खरी मेख क्रियापदांत आहे. गॅदरिंगनंतर नुसते ‘आय एन्जॉइड’ म्हणणे अपुरे. पुढे ‘इट’ वा ‘मायसेल्फ’ हवे. ‘कॉन्सन्ट्रेट’ला मात्र ते मुळीच खपत नाही. ‘शेव्ह’, ‘वॉश’, ‘ड्रेस’ यांना सहसा गरज नसते. आपण ‘दाढी केली’ म्हणतो, कोणाची ते कोणी विचारत नाही, तसेच ‘आय शेव्ड’. पण लहान मूल प्रथमच आपले आपण कपडे चढवते, तेव्हा ‘ही ड्रेस्ड हिमसेल्फ’ असेच म्हणायचे. त्यात त्या पोराचे कौतुकही येते.