चोवीस तासांची शर्यत आणि आमचे दादा

आमचे वडील बंधु दादा यांस येत्या जून महिन्यांत शहात्तरावें वर्ष पुरें होईल. सारी हयात त्यांनीं मोटारींच्या यंत्रांत हात काळे करून घालविली. १९६९ सालीं, कॉलेजांत असतांना, त्यांनीं फ्रान्समधील ल माँ येथील शर्यतीची हकीगत वाचली. त्या काळीं चालक रस्त्यापलीकडून धांवत येऊन गाडींत उडी घेत आणि भरधांव सुटत. ही रीत जिवावर बेतणारी आहे हें दाखविण्यासाठीं जॅकी इक्स नांवाचा बेल्जियन चालक त्या वर्षीं सर्वांच्या मागून सावकाश चालत गेला, पट्टा नीट बांधूनच निघाला, आणि दुसऱ्या दिवशीं अवघ्या शंभर-सवाशें मीटरांच्या अंतरानें तोच जिंकला! तेव्हांपासून ‘एकदां तें गांव पाहीन’ हें दादांचें वाक्य आमच्या घरांत म्हणीसारखें झालें. गेल्या दिवाळींत पुतण्यानें तें खरें मानलें, आणि वाड्याच्या छपरासाठीं बाजूस काढलेली रक्कम छपरावर घालावी कीं दादांवर, असा प्रश्न घरांत उभा राहिला.

ज्यांस हा विषय नवा आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द. ही शर्यत १९२३ सालीं सुरू झाली. ठरलेलें अंतर आधीं कोण तोडतो हें तींत पाहावयाचें नसतें; चोवीस तासांत कोणाची गाडी अधिक लांब जाते हें पाहावयाचें असतें. शनिवारीं दुपारीं चारास निशाण हालतें, तें रविवारीं चारापर्यंत गाड्या फिरतच असतात. एका गाडीवर तीन चालक आळीपाळीनें बसतात. मार्ग सुमारें साडेतेरा किलोमीटरांचा असून त्याचा बराच भाग एरव्हीं रहदारीचा साधा रस्ता आहे. २०१० सालीं विजयी झालेल्या आउडी गाडीनें ५,४१० किलोमीटर तोडले. म्हणजे मुंबईहून दिल्लीस दोनदां जाऊन येण्याइतकें जवळजवळ! आपल्याकडील करुण चंढोक २०१२ सालीं तेथें धांवले व त्यांची गाडी सहावी आली.

वहिनींचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. “तिथं माणसं मेली होती ना?” असें त्यांनीं विचारलें. मेलीं होतीं. ११ जून १९५५ रोजीं एक मर्सिडीज गाडी उधळून तिचे तुकडे प्रेक्षकांत शिरले, आणि चालक पिएर लव्हे यांच्यासह ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. शर्यत मात्र थांबविली नाहीं. लोक एकदम बाहेर पडले तर रुग्णवाहिकांची वाट अडेल, असें कारण चालकमंडळींनीं नव्हे, तर व्यवस्थापकांनीं दिलें. त्यानंतर तो भाग रुंद करून प्रेक्षकांस रस्त्यापासून दूर नेण्यांत आलें. हें सारें दादांनींच सांगितलें, कांहींएक न लपवितां. आणि मला वाटतें, वहिनींचा विरोध तेथेंच अर्धा ओसरला.

खरी अडचण रात्रीची निघाली. शर्यतीस तीन लाखांहून अधिक लोक जमतात, व त्यांतील पुष्कळ जण मार्गाच्या आसपास तंबू ठोकून राहतात. डॉक्टरांनीं दादांस प्रवासाची परवानगी दिली. तंबूची व जागरणाची दिली नाहीं. दादा उसळून म्हणाले, “रात्र झोपून काढायची, तर मी फ्रान्सला कशाला जाऊं? आपल्या माजघरांत काय वाईट आहे?” त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हे. अंधारांत दिव्यांचे झोत टाकीत धांवणाऱ्या गाड्या हाच त्या शर्यतीचा आत्मा. तथापि २०२४ सालीं पावसामुळें रात्रीं चार तासांहून अधिक वेळ सर्व गाड्या सेफ्टी कारच्या मागें मुकाट्यानें चालत होत्या, हेंही पुतण्यानें त्यांच्या कानांवर घातलें.

अखेरीस तोड निघाली ती पंचांगांतून नव्हे, सूर्यास्ताच्या वेळेवरून. जूनमध्यें तेथें सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो. तेव्हां आरंभ पाहून दादांनीं पांचास खोलीवर यावें, नऊपर्यंत झोंपावें, अंधार पडतां पडतां पुन्हा जाऊन मध्यरात्र उलटेपर्यंत बसावें, आणि मग थेट रविवारीं दुपारीं शेवट पाहावा. चोवीसही तास पाहूं म्हणणारा बहुधा पेंगतच पाहतो. कोणते तास सोडावयाचे हें घरूनच ठरवून निघालेलें बरें.

एवढ्या एका निर्णयानें बाकीचा सारा क्रम उलटा झाला. पुतण्या आधीं विमानाचें पाहत होता. आतां पहिली निकड शहरांतील खोलीची ठरली. पॅरिसहून आगगाडीनें ल माँ तासाभरावर आहे, व स्थानकापासून ट्राम मैदानापाशीं जाते. ती रात्रीं केव्हांपर्यंत चालेल, हें मात्र त्या वर्षींचें वेळापत्रक पाहूनच ठरवावें. नुसत्या प्रवेशाचें तिकीट निराळें व बसावयाच्या जागेचें निराळें; गुडघ्यांकडे पाहतां दुसऱ्याचा खर्च टाळूं नये. शेन्गेन व्हिसाचा अर्ज सहा महिन्यांपेक्षां आधीं घेत नाहींत, आणि तीस हजार युरोंचा प्रवासविमा त्यास जोडावा लागतो. म्हणून खोली घेतांना ती रद्द करतां येईल अशीच घ्यावी.

स्वयंपाकघरासाठीं एक सूचना. परदेशांतून येणाऱ्या उतारूंस दूध व दुधाचे पदार्थ युरोपांत नेण्यास बंदी आहे, तेव्हां तुपाची बरणी घरींच राहील. मेतकूट व कोरडी चटणी मात्र खुशाल बांधावी.

छपरास यंदा नुसतें ठिगळ लावावयाचें ठरलें आहे. वहिनींनीं ल माँच्या जुन्या भागांतील रोमन तटाचीं व सेंट ज्यूलियनच्या प्रार्थनामंदिराचीं चित्रें पाहून ठेवलीं आहेत, आणि परवां त्या कोणासही न सांगतां पासपोर्टासाठीं आपलें छायाचित्र काढवून आल्या.