माल भिजला, विमा कोणाचा?

विम्याचा हप्ता भरला, पावती फाईलला लावली. आता माल भिजला तरी कंपनी पैसे देईल, अशी पुष्कळ व्यापारी बांधवांची समजूत असते. दाव्याची वेळ आली की मग करार उघडला जातो. नाशिकहून कसारा घाट उतरून न्हावाशेव्याला माल पाठविणाऱ्यांनी तो आधीच वाचावा, म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न असा की, प्रवासात माल कोणाचा? २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने काँटशिप कंटेनर लाइन्सच्या खटल्यात यावर निकाल दिला. निर्यातदाराने विमा घेतला होता. समुद्रप्रवासात माल खराब झाला. पण सौदा एफ.ओ.बी. होता. अशा सौद्यात माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. निर्यातदाराचे विमायोग्य हित उरत नाही. त्याला विम्याचे पैसे मिळाले नाहीत. सी.आय.एफ. सौद्यात विमा उतरविणे विक्रेत्याचेच काम असते आणि पॉलिसी ग्राहकाच्या नावे करता येते. एफ.ओ.बी. करणाऱ्यांनी गोदामापासून जहाजापर्यंतचा विमा स्वतः घ्यावा आणि विक्रेत्याच्या हिताचा जादा विमा मिळेल का, हे कंपनीला विचारावे. ई.सी.जी.सी.ची पॉलिसी ग्राहकाकडून पैसे बुडण्यासाठी आहे, माल भिजण्यासाठी नव्हे.

दुसरा वाद कारणाचा. करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे निव्वळ उशिराने किंवा मालाच्या अंगभूत दोषाने झालेले नुकसान भरून मिळत नाही. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून युरोपला गेली आणि नाशिकच्या द्राक्षांचा प्रवास लांबला. केवळ उशिराने मणी नरमले, तर साधी पॉलिसी हात वर करते. कमकुवत पॅकिंगचेही तसेच.

आम्हा कापडवाल्यांचा वाद ओलीचा. कंटेनरला भोक पडून समुद्राचे पाणी शिरले, की आतल्या दमटपणाने छताला घाम सुटला? सर्व्हेअर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतो; पांढरा साका आला, तर खारे पाणी असल्याची खूण. म्हणून माल भरण्यापूर्वी रिकाम्या कंटेनरचे दार लावून आत उभे राहावे. उजेडाचा कवडसा दिसला तर तो कंटेनर परत करावा. गाठी भरताना आणि सील लावताना तारखेसह फोटो घ्यावेत.

नुकसान कळताच ग्राहकाला माल तसाच ठेवायला सांगावे व विमा कंपनीला लेखी कळवावे. जहाज कंपनीलाही लेखी नोटीस द्यावी. वरून न दिसणाऱ्या नुकसानीस तीन दिवसांची मुदत असते. तिच्यावर दावा लावायचा तर एका वर्षाच्या आत. भरपाई दिल्यावर विमा कंपनी आपल्या जागी उभी राहून तिच्याकडून वसुली करते. तो हक्क मुदतीअभावी गेला, तर तेच कारण पुढे करून आपला दावा अडतो.

सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले आहे. तसेच, २००२ च्या गुजरात दंगलीत नुकसान सोसलेल्या हर्सोलिया मोटर्सच्या प्रकरणात २०२३ साली न्यायालयाने व्यापाऱ्यालाही विम्याच्या तक्रारीसाठी ग्राहक आयोगाचे दार मोकळे असल्याचे मान्य केले. तेथे मुदत दोन वर्षांची.

हे हक्क कागद हाती असणाऱ्याच्याच कामी येतात. पुढची गाठ बांधण्याआधी सौद्याचा कागद आणि पॉलिसी शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत जोखीम एकाच माणसाच्या नावावर आहे का, एवढे तरी पाहाच.